माह्या देराचा नवस

तवा पाळन्यातलं पोरगं सोडून घरात चौघंच होतो. खाटेवर माहे मालक, उशाशी माही सासू, पायाशी मी, आन् उंबऱ्यावर मालकाचा लहाना भाऊ, म्हंजे माहा देर. अख्ख्या जानेफळात या देरासारका नवस पाळनारा मानूस पैदा झाला नाई, आन् होऊ बी नये. घरच्या बाईले मंग दुसरं कामच उरत नाई.

दोघं भाऊ सोबतच पेत. मालकाचं पोट फुगलं, डोळे हळदीवानी पिवळे झाले, डॉक्टरनं हात झटकले. तवा देर मरीमायले बोलला, "माय, दादा खाटेवरून उठेपर्यंत दारूले शिवनार नाई, डोक्याले वस्तरा लावनार नाई." लईच लवकर सुचलं शहान्याले!

बरं, दारू सोडून गप बसावं ना? नाई. मोहाची दारू होते, म्हून मोहाच्या सावलीत बसनं बंद. बकरीनं मोहफुलं खाल्ली, बकरीचं दूध बंद. गावठी गुळाची काढतात, म्हून गूळ बंद. साऱ्या गावात गुळाचं पुरन, आन् ह्या महाराजासाठी मी साखरेचं येगळं वाटाचं. नवस त्याचा, पाटा-वरवंटा माहा. पार परवाच्या करोनात बी बँकेच्या दारावर शिपाई हातावर दवाई शिंपडाले आला, तं हा मांगं पळाला.

"त्यात दारू हाये बे!"

"बाबा, हाताले लावाची हाये, पेयाची नाई."

"हात तोंडालेच जाते ना?"

साबन मागून नळावर कोपरापत्तोर हात धुतले, तवा आत गेला.

तुमी म्हनसान, मालक उठले असतीन. नाई उठले. दहाव्याले नदीवर सारी भावकी डोकं भादरून बसली, न्हावी वस्तरा घेऊन थांबला, आन् हा दूर उभा.

"काऊन बे, सख्ख्या भावाले केस देत नाई?"

"दादा उठेपर्यंतचा शब्द हाये. उठला का तो?"

न्हाव्यानं वस्तरा मिटून ठेवला. मले लई राग आला होता. कुकू माहं पुसलं, इळा घेऊन सोयाबीन सोंगाले मी जाऊन राह्यली, आन् ह्याले केस सुटेनात!

आता जटा पांढऱ्या झाल्या. पन त्या दिवसापासून ह्या घरात बाटली आली नाई. माहा पोरगा बापाच्या तवाच्या वयाचा झाला, त्याले अजून दारूचा वास ओळखू येत नाई.

वाचनाऱ्यांनो, जानेफळात जटावाला म्हतारा भेटला तं खुशाल हासा. चहा पाजा, पन साखरेचा. नवस कवा फिटते, एवढं मात्र त्याले इचारू नका.