मागच्या बाकावरून नामंजूर

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. दौंडहून कमलचा भाचा बोलत होता. "मावशी, आत्या गेली..." मी काहीच बोलले नाही, तर त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. आलं होतं की ऐकू! पण कमल गेली हे एका दमात कबूल करायचं म्हणजे काय खाऊ आहे? पंचेचाळीसच्या वर वर्षं जिच्याशी भांडले, ती अशी न सांगता उठून जाते म्हणजे काय?

रागावायला आणखी एक कारण झालं. त्या दिवसापासून मोबाइलवर जो तो लिहितोय, "शांत, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या कमलताई." अहो, कोण ही बाई? मी ओळखत नाही हिला. मी जिला ओळखत होते ती एका वाक्यात चारचौघांच्या नाकाला मिरच्या झोंबवायची आणि मग पदरानं चष्मा पुसत विचारायची, "मी काय वावगं बोलले का गं शालन?" तिचं खरं चित्र कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून हा खटाटोप.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कमल दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, वडील लोको शेडमध्ये फिटर. सरकारनं बँका ताब्यात घेतल्यानंतर स्टेशनजवळ एक शाखा उघडली. वडील खातं काढायला गेले तेव्हा शाळकरी कमल बरोबर होती. तिथल्या साहेबानं वर न बघता विचारलं, "ओळख कोण देणार?" वडिलांनी रेल्वेचा पास पुढं केला. "पास नको, आमचं खातं असलेला कुणी बरा माणूस आणा." आता यांची जवळची माणसं सगळी दौंडच्या बौद्धवाड्यातली, त्यातल्या कुणाचं खातं असणार होतं तेव्हा? वडील तसेच परत फिरले. वाटेत पोरीनं मनाशी ठरवून टाकलं, आपण त्या खुर्चीत बसायचं. हे मला तिनं पुढं कित्येकदा सांगितलं, आणि दर वेळी "बरा माणूस" म्हणताना तिचा ओठ तसाच वाकडा व्हायचा.

मॅट्रिकनंतर पुण्याला रोज गाडीनं पाठवायला वडील तयार होते, आई नव्हती. शिरूरला मावशी राहायची, म्हणून कमल शिरूरला आली आणि आमच्या कॉलेजात कॉमर्सला बसली. पत्र्याच्या शेडमधलं ते कॉलेज आता त्या नावानं उरलेलंही नाही. वर्गात आम्ही मोजक्या मुली. मी जवळच्या खेड्यातली, बागायतदाराची लेक. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, गावच्या सोसायटीचे चेअरमन आणि कॉलेजच्या कमिटीवरही. कमल पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सरक की. बाक काय तुझ्या आप्पांनी दिलाय?" खरं म्हणजे आप्पांनीच दिला होता. मी सरकले.

बी.कॉम.ला एक खास विषय निवडावा लागतो. कमलला बँकिंग आणि फायनान्स हवं होतं, दुसरं काही नको. आणि नोटिशीत दोनच विषय, सहकार नाहीतर व्यवसाय प्रशासन. ती तडक प्राचार्यांच्या खोलीत गेली, मला ओढत घेऊन. प्राचार्य म्हणाले, "फायनान्स शिकवायला माणूस नाही माझ्याकडं. आणि मुलींना कशाला ते? प्रशासन घ्या, टायपिंगची जोड द्या, कुठंही चिकटाल."

"सर, टायपिंग करून मी टेबलाच्या पुढं बसंन. मला टेबलाच्या मागं बसायचंय."

प्राचार्य हसले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाळ, आपल्या तालुक्यात जे काही आहे ते सोसायट्या, दूध संघ अन् साखर कारखाना. इथं फायनान्सला कोण विचारतो?"

बाहेर आल्यावर ती हौदाजवळ बराच वेळ उभी राहिली. डोळे भरलेले. मला वाटलं, आता ही दौंडला निघून जाणार. ती म्हणाली, "सहकार घेते." मी म्हटलं, "अगं, पण तुला..." तर माझ्यावरच उखडली. "मला काय पाहिजे ते न्हाई ठेवलं ना ह्यांनी? मग ज्याच्यावर ह्या लोकांची सगळी मिजास हाय, तेच शिकते. मुळापासून शिकते. आन् फायनान्स सोडलं असं कोण म्हणतंय?" सोडलं नव्हतंच. तिच्या वडिलांच्या ओळखीचे एक फायरमनकाका इंजिनावर पुण्याला जायचे. ते पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बँकिंगची पुस्तकं आणायचे, आणि कुणीतरी दौंडहून शिरूरला निघालं की त्याच्या हाती ती यायची. पानापानांवर कोळशाची बोटं उमटलेली. कमल ती पुसत नसे. दिवसा वर्गात सहकार आणि मावशीच्या ओट्यावर फायनान्स, असा तिचा संसार चालला होता.

सहकाराच्या सरांनी प्रात्यक्षिक म्हणून आम्हाला एका सोसायटीची वार्षिक सभा दाखवायचं ठरवलं. सभा कुठली, तर आमच्याच गावची! सर स्वभावानं भित्रे. आप्पांच्या गावात पाहुणचार नीट होईल एवढाच त्यांचा विचार. सभा शाळेत. पुढं सभासद, मागच्या बाकांवर आम्ही, आणि बाहेर व्हरांड्यात कढईत भजी. ज्यांनी आपल्याकडच्या सभा पाहिल्यात त्यांना सांगायला नको. सेक्रेटरी विषय वाचतो, वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे ओरडतात, "मंजूर!" भजी निवायच्या आत सभा उरकली पाहिजे, हाच खरा नियम. आम्ही सगळी खेड्यातली पोरं. हे मंजूर लहानपणापासून कानावरचं. दुसऱ्या-तिसऱ्या विषयाला आमचा अख्खा वर्गच सभासदांबरोबर ओरडायला लागला. मीही ओरडले, चांगली घसा ताणून. सर वहीत तोंड खुपसून बसले होते.

मग सेक्रेटरीनं वाचलं, "बौद्धवाड्यातील खातेदारांचे सभासदत्वाचे अर्ज पुढील वर्षीच्या सभेत घ्यावेत." त्या लोकांच्या नावावर जमीन होती, सातबारा होता, फक्त सोसायटीचं खत आणि बियाणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. हे अर्ज दर वर्षी असेच पुढच्या वर्षीवर जायचे. तेवढ्यात "मंजूर!" झालंच. आणि त्या गलक्यावरून माझ्या शेजारून एक आवाज आला.

"नामंजूर!"

बाहेरचा झाऱ्याचा आवाजसुद्धा थांबला. आप्पांनी मान वर केली. "कोन हाय ते?"

कमल उभी राहिली. सर तिला खाली बस म्हणून खुणावत होते, त्यांची पाचावर धारण बसलेली.

"पोरी, तू सभासद हायस का?"

"न्हाई, आप्पा."

"मंग खाली बस. सभासद नसलेल्याला इथं बोलायचा अधिकार न्हाई. येवढं तरी शिकवलं असंल की कालेजात."

"शिकवलंय ना. म्हणूनच विचारते, आप्पा. आमचा सगळा वर्ग मघापासून मंजूर मंजूर ओरडतोय. तो चालला तुम्हांला. मंजूर म्हणायला सभासद लागत न्हाई, आन् नामंजूर म्हणायलाच लागतो व्हय?"

आप्पांनी सेक्रेटरीकडं पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, काठी टेकत उठून सांगितलं, "पोरगी खरं बोलतीया. ह्या पोरांचं मंजूर काढून टाका आन् हात वर करून इचारा. सभासदांनीच करा." आता हात वर करणं आणि गलक्यात ओरडणं यात फरक असतो. ओरडणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही. हात मात्र शेजारी बघतो, समोरचा बघतो, आणि अर्ज केलेले बौद्धवाड्यातले चार-पाचजण व्हरांड्यात कडेला उभे होते, तेही बघत होते. आप्पांनी मंजूर म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. थोडे झाले. बरेच झालेच नाहीत. तरी अर्ज पुढच्या वर्षावर ढकलले गेलेच, कारण वर न झालेले हातही विरोधात उठले नाहीत. मात्र त्या दिवशी भजी कुणाला गोड लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावलं. कमिटीचा अपमान झाला, माफी लिहून दे, नाहीतर परीक्षेला बसायला मिळणार नाही. म्हणजे फायनान्स तर दिलं नव्हतंच, आता पदवीही काढून घ्यायला निघाले. घरी आप्पा मला म्हणाले होते, "तुझी ती मैतरीन... आमच्या घरी जेवायची, आन् आमचंच माप काढती." आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "खोटं काय बोलली ती?" त्यावर आप्पा न जेवता उठले.

कमलनं माफी दिली नाही. "वर्ष गेलं तर गेलं," म्हणाली. पण रात्रभर रडली होती हे सुजलेल्या डोळ्यांवरून दिसत होतं. बँकेच्या परीक्षेला पदवी लागते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला तिचे ते डोळे बघवेनात. मी प्राचार्यांच्या खोलीत शिरले आणि म्हटलं, "सर, अधिकार नसताना सभेत बोलल्याची माफी पाहिजे ना? मग माझीही घ्या. मी पण ओरडले होते, मंजूर म्हणून." पाठोपाठ दारात आमचे भित्रे सर. ते म्हणाले, "सगळ्या वर्गाची घ्यावी लागेल, सर. माझ्या विषयाचं प्रात्यक्षिक खरं म्हणजे तिनं एकटीनंच केलं." चेअरमनच्या लेकीकडून माफी लिहून घ्यायची कुणाची छाती होती? प्राचार्यांनी घंटा वाजवून शिपायाला चहा आणायला सांगितला आणि तो विषय तिथंच संपला. बाहेर येऊन कमल मला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं मधी पडायला?" आणि मग रस्त्यात माझ्या गळ्यात पडली.

पुढच्या वर्षीच्या सभेत ते अर्ज हात वर करून मंजूर झाले.

बँकेच्या मुलाखतीत साहेबांनी तिला विचारलं, "तुमचा विषय सहकार. बँकेत यायचं होतं तर फायनान्स का नाही घेतलं?" ही म्हणाली, "कॉलेजात नव्हतं. पण शिकलेय. विचारा." त्यांनी बराच वेळ विचारलं. तिची नेमणूक झाली, आणि दोन-तीन गावं फिरून शेवटी दौंडच्याच शाखेत ती येऊन बसली, टेबलाच्या मागं. मी तोवर लग्न होऊन दौंडला आले होते. आप्पा एकदा माझ्याकडं राहायला आले असताना तिथं खातं काढायचं म्हणाले. कमल तिथं साहेब आहे हे मी मुद्दाम आधी सांगितलं नाही. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "ओळख कोण देणार, आजोबा?" आप्पा गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. आतून कमल उठून आली. खुर्ची ओढून तिनं त्यांना बसवलं आणि म्हणाली, "ह्यांची ओळख मी देते. मी ह्यांना चांगली ओळखते." आप्पा हसले की ओशाळले ते मला आजवर कळलेलं नाही. घरी येताना म्हणाले, "पोरगी लई तिखट हाय. पन खुर्ची दिली तिनं मला."

गेल्या आठवड्यात माहेरच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. आता दुमजली इमारत आहे, माइक आहे. चेअरमन माझा भाचा, भावाचा मुलगा. बौद्धवाड्यातल्या सभासदांनी मागणी केली म्हणून कमलच्या श्रद्धांजलीचा ठराव पहिलाच होता, आणि तिची मैत्रीण म्हणून मला बोलावणं होतं. मी सवयीनं मागं बसले. भाच्यानं वाचलं, "कैलासवासी कमलताई या सर्वांशी जुळवून घेणाऱ्या व कधीही कुणाचं मन न दुखावणाऱ्या..."

"मंजूर!" सभागृह दणाणलं. भजी आजही असतात.

मी उभी राहिले. गुडघे दुखतात, वेळ लागला. "नामंजूर!"

भाचा गडबडला. "आत्या... अहो, तुम्ही सभासद नाही."

"नाही ना. पण हा माझ्या शेजारचा आत्ता मंजूर ओरडला, तो कुठं सभासद आहे? भजी तळायला आलाय तो!" हशा झाला. आचारी बिचारा झारा घेऊन पाठमोरा झाला. मी म्हटलं, "ती कैलासवासी नाही, बौद्धांत म्हणतात तसं कालकथित लिही. आणि तिनं मनं दुखावली. तुझ्या आजोबांचं दुखावलं, याच सभेत, मी शेजारी बसले होते. दुखावलं म्हणून ही पुढच्या रांगेतली निम्मी माणसं आज आत बसलीत. ते लिही. लिहायचं नसलं तर तिचं नावच घेऊ नकोस."

एवढं बोलून मी खाली बसले. कुणी हसेना. भाच्यानं खिशातून पेन काढलं, कागदावर खाडाखोड केली आणि नवं वाचलं, "कालकथित कमलताईंनी या सभेत पहिल्यांदा नामंजूर म्हटलं. ही सभा त्यांची ऋणी आहे." मग तो थांबला आणि म्हणाला, "हात वर करा. फक्त सभासदांनी."

हात वर झाले. पुढच्या रांगेतले, मधल्या रांगेतले, खिडकीपाशी उभे असलेल्यांचे. माझाही निघाला होता. तो मी दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला... मला मत नव्हतं, कमल.