पुन्हा विचारणारं यंत्र

टीव्हीवर परग्रहावरचं यान उतरलं, दार उघडलं आणि आतला हिरवा प्राणी बोलायला लागला, की आमचा शेजारी ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करायचा. "थांब गा! याले आपली भाषा येते कशी?"

"कानात यंत्र आहे त्याच्या," मी सांगायचो.

"हे जमत नाही गा. आपल्या नागपूरच्या जरीपटक्यात उतरव त्याले. पोहे खातो का, विचार. तो म्हणन नको. यंत्र सांगन, नको म्हणते. झालं! पाहुणा उपाशी मेला ना बापा!"

तुम्हीही असे लोक पाहिले असतील. मनीषनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो खालच्या मजल्यावर एकटाच राहायचा. सरकारी कचेरीतून निवृत्त, बायको गेलेली, घरभर विज्ञानकथांची पुस्तकं. त्यातली प्रकाशाहून वेगवान यानं त्याला बिनतक्रार पटायची, अनुवादाचं यंत्र तेवढं पटत नसे. आणि स्वतः काय? रविवारी माझ्याकडे तर्री-पोह्यांना "नको, नको" झाल्याशिवाय याची प्लेट पुढे येत नसे. एकदा मी मुद्दाम पुन्हा विचारलं नाही, तर आठवडाभर बोलला नाही शहाणा.

परदेशातल्या त्याच्या मुलानं फिनलंडची मुलगी केली आणि ते यंत्रच घरात आलं. सून तिकडून तिच्या भाषेत बोले, फोन इकडे मराठीत बोले. फोनसमोर हाही बातम्या दिल्यासारखी मराठी बोलायला लागला. एका रविवारी माझ्यासमोरच फोन म्हणाला, "बाबा, तुम्ही आमच्याकडे कायमचे राहायला या."

"नको, नको. तुम्हाला कशाला त्रास!"

"ठीक आहे," फोन म्हणाला. सुनेनं हसून हात हलवला आणि फोन बंद.

यंत्राची काही चूक नव्हती हो. शब्द अगदी जसाच्या तसा पोचवला होता. पण यानं पलंगाखाली पायानं काहीतरी घाईघाईनं सरकवलं. मी ओढून पाहिलं तर जाडजूड लोकरीचा स्वेटर, नवाकोरा. मे महिन्यात! नागपुरात!

"अबे, जायचं होतं तर हो म्हणायचं ना!"

"काहून? पंगतीत आपणच ताट पुढे करून वाढा म्हणते का कोणी?" त्याचा आवाज चिरकला. "इथं दिवसभर भिंतीशी बोलून राहिलो मी. तिनं पुन्हा विचारलंच नाही गा."

मला त्याचा रागही आला आणि कीवही. संध्याकाळी मीच सुनेला फोन लावला. "बाई, आमच्याकडे नको म्हटलं की पुन्हा विचारतात."

"का?" यंत्रानं विचारलं.

आता काय सांगणार, कपाळ! "विचारून तर पाहा," म्हणालो.

पुढच्या रविवारी तिनं विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी यानं डोळे पुसत "बरं, येतो" म्हटलं, तरी बिचारी विचारतच राहिली. कुठे थांबायचं ते मी सांगितलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी दारात टॅक्सी आली. बॅगेत मावेना म्हणून स्वेटर अंगात, आणि हा घामानं निथळतोय. रविवारचे पोहे आता कोणासोबत खायचे, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

"निघू ना गा?" त्यानं विचारलं.

"नीघ, नीघ. माझं काय, मी मजेत आहे."

त्यानं मान हलवली आणि टॅक्सीत बसला. मी फाटकाशी उभाच राहिलो. मध्ये यंत्रबिंत्र काही नव्हतं. तरी त्यानं पुन्हा विचारलं नाही.