ती कधी जेवली

“ये गं, चहा ठेव आणि सांग, गोष्ट कशी वाटली?” प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

जबलपूरच्या मराठी लोकांचं वाचक मंडळ रविवारी त्यांच्या घरी बसे. मी तिथे स्वयंपाकाला होते. चौथी शिकलेली. प्राध्यापक मला पुस्तकं घरी न्यायला देत. कांचघर वस्तीतल्या आमच्या खोलीत वाचायला दुसरं काही नव्हतं. म्हणून मी ते घर धरून होते.

गोष्ट एका मजूर बाईची होती. पहाटे उठते, कापणीला जाते, रात्री सगळ्यांना वाढते. मी ट्रे धरूनच म्हणाले, “ती कधी जेवली ते लिहिलंच नाही. पानं उलटून पाहिली.”

हसले. सगळे.

एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, “अगंबाई, ही पोटानं वाचते!”

प्राध्यापक सांगू लागले. साहित्य असं वाचत नाहीत. आधी रचना बघायची, मग भाषा. मला नव्हते सांगत. जमलेल्यांना सांगत होते.

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. आत जाऊन भजी तळली. हात भाजलेला घरी गेल्यावर दिसला.

माझी आई सिहोऱ्याकडे कापणीला जायची. तिला जेवताना पाहिल्याचं मला आठवत नाही. हे मी तिथे बोलले नाही.

पुढच्या रविवारी बैठकीतून आवाज आला. “बोलवा तिला. आज कोण उपाशी आहे, विचारू.”

मी दारात उभी राहिले. “नाही सांगत.”

“काहून वं?” एकानं माझ्या बोलीची नक्कल केली.

“तुम्ही ऐकून नाही राहिले. हसून राहिले.”

प्राध्यापक म्हणाले, “मग पुस्तकंही विसर.”

पिशवीतलं अर्धं वाचलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. चहा उकळत सोडून निघाले. त्या पुस्तकाचा शेवट मला अजून ठाऊक नाही.

आता, इतक्या वर्षांनी, दुपारी आमच्या ओट्यावर बाया जमतात. मी ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचते. कोणीही थांबवावं, काहीही विचारावं. उत्तर आधी पानात शोधायचं. नाही सापडलं तर काहून नाही लिहिलं, ते बोलायचं. मगच पुढे.

परवा शेजारणीच्या प्रश्नाला माझी कॉलेजातली नात हसली. “आजी, कहानीच तर आहे!”

मी बोट ओळीवरच ठेवलं. “ऊठ. हसायचं असलं तर इथं बसायचं नाही.”

ती रडत आत गेली. मी पुढची ओळ वाचली.