वीस किलो, बारदाना वेगळा

कारखाना चालू असला की साखर तयार होते, बंद असला की किस्से! आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत आमचा कारखाना बंदच जास्त असायचा. ऊसच नाही म्हटल्यावर गाळप करायचं कशाचं? दिवाळीनंतर पेटलेला बॉयलर संक्रांतीच्या आसपास थंड व्हायचा. मग आम्ही सगळे लॅबमध्ये बसून चहा ढोसायचो. एक किस्सा निघाला की त्याला दुसरा चिकटायचा, दुसऱ्याला तिसरा.

लोहाऱ्याकडचा आमचा कारखाना तसा लहानच. "ढोकीचा तो कारखाना, तुमचं ते गुऱ्हाळ," असं लोक तोंडावर चिडवायचे. पण आमच्या लोकांनी हॉलंडची जशी ट्रिप केली, तशी कुणी केली नसेल. तिचे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की ऐकणारे आता माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणतात. शेवटचा एक तेवढा मी कुणाला सांगितलेला नाही.

*

बीटापासूनही साखर होते आणि बीटाला उसापेक्षा पाणी कमी लागतं, असं कुणीतरी चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलं. झालं! अभ्यासदौरा ठरला. व्हाइस चेअरमन दगडूआप्पा, संचालक गुंडेराव आणि आमचे चीफ केमिस्ट. गावात टँकरच्या मागं लोक घागरी घेऊन पळतायत आणि आमचे तिघं कोट शिवायला सोलापूरला गेलेले.

ऐन वेळी चीफ केमिस्टांचं ब्लडप्रेशर वाढलं. खरं तर त्यांच्या बायकोनं विमानात बसू देणार नाही म्हणून सांगितलं होतं. मग चेअरमनसाहेबांनी मला बोलावलं. मी त्यांच्या हाताखालचा केमिस्ट, इंग्रजी बऱ्यापैकी.

"तुम्ही जावा," ते म्हणाले. "तुमचं बरं हाय. मागं ना पुढं कोण. सकाळी सांगितलं तर दुपारी निघाल!"

त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. मला लागायचं ते लागलंच.

कारण मागंपुढं कुणी नव्हतं असं नाही. बायको होती. सुमन. पहिल्या बाळंतपणाला माहेरी ईटला गेली, मूल राहिलं नाही, आणि ती परत आली नाही. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं! मी न्यायला गेलो की म्हणायची, "हंगाम संपू द्या. तुमच्या पाळ्या चालू, मी एकटी त्या क्वार्टरमधी काय करू?" हंगाम संपल्यावर गेलो की म्हणायची, "आता पावसाळा तोंडावर आलाय, बघू." पाऊस तर यायचाच नाही, पण पावसाळा तोंडावर असायचा. मी परत येऊन कुलूप काढायचो, स्टोव्ह पेटवायचो, एकाची खिचडी टाकायचो. तिनं घरी यावं, एवढंच मला हवं होतं. ते कसं मागायचं हे काही मला जमत नव्हतं.

निघण्याआधी ईटला जाऊन आलो. म्हटलं, "हॉलंडला चाललोय. तुला काय आणू?"

"काही नको."

सासरे, म्हणजे मामा, म्हणाले, "पोरी, परदेशातनं आणतो म्हणत्यात, सांग की कायतरी!"

"मला काय लागतंय?" ती म्हणाली, आणि घागर उचलून टँकरच्या रांगेला गेली.

*

आता बॅग भरायची. विमानात माणशी वीस किलोच सामान नेता येतं, हे कळल्यावर कारखान्यात सल्लागारांचं पीक आलं. त्यात खरा अधिकारी एकच, वजनकाट्यावरचे मौलाचाचा. ते हजला जाऊन आलेले. समुद्र ओलांडलेला आमच्यातला तो एकमेव माणूस.

चाचांनी नियम सांगितला. "सुनो. बॅग पूरी भरा. मग उचला अन् कारखान्याला एक चक्कर मारा. हात दुखला की समजा, निम्मं सामान फालतू हाय. काढून टाका!"

मी बॅग भरली आणि चक्कर मारली. हात काही दुखला नाही. दोन पँटी, तीन शर्ट, स्वेटर, टॉवेल, दाढीचं सामान. काढायला काही नव्हतंच. चाचांनी बॅग एका बोटावर उचलून पाहिली आणि म्हणाले, "केमिस्टसाब, ही भरलीया का दाखवायला आणलीया?"

दगडूआप्पांनीही नियम पाळला. पण व्हाइस चेअरमननं स्वतः बॅग घेऊन कारखान्याला फेरी मारायची म्हणजे कामगार काय म्हणतील? त्यांनी आपल्या सालगड्याला फिरवलं! गडी सहा फूट उंच. फेरी मारून आला, बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "आप्पा, मला तर काय जड लागली न्हाय."

आप्पांनी त्यात आणखी दोन धोतरं घातली.

*

गुंडेराव मात्र हिशेबी माणूस. त्यांनी अंदाजावर काही ठेवलं नाही. सरळ साखरेच्या गोदामात गेले आणि तिथल्या काट्यावर वीस किलो सामान मोजून घेतलं. एकेक वस्तू पारड्यात टाकायची, काटा बघायचा. शेवटी वजन थोडं कमी भरलं म्हणून वरून एक तवा टाकला! मग ते सगळं एका चामडी पेटीत भरलं. ती पेटी त्यांच्या वडिलांची, निजामाच्या काळातली. रिकामीच दोघांनी धरावी लागायची.

मी म्हटलं, "गुंडेराव, पेटीचंही वजन धरतात."

"बारदाना कोण धरतंय?" ते हसले. "साखरेचं पोतं शंभर किलो म्हंजे साखर शंभर किलो. पोत्याचं वजन येगळं. तसं वीस किलो म्हंजे माल वीस किलो. बारदाना येगळा! तुम्ही शिकलेली माणसं, पण येवहारात कच्ची."

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पेटी काट्यावर घेतली आणि मान हलवली. वजन फार जास्त आहे म्हणाली.

गुंडेराव शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. बारदाना अलग करो."

मुलीनं तिकिटं पाहिली, यादी पाहिली, पुन्हा तिकिटं पाहिली.

"बारदाना का टिकट कहाँ है?" तिनं विचारलं. "वो भी आपके साथ जा रहे हैं?"

*

मग तिथंच, विमानतळाच्या फरशीवर, पेटी उघडली. चीजवस्तू बाहेर येऊ लागल्या. शेंगाचटणी, कडक भाकऱ्यांची चळत, तवा, वातीचा स्टोव्ह. आप्पांच्या बॅगेतून तर पाण्याचा मोठा कॅन निघाला!

"आप्पा, पाणी?"

"तिथं मिळंल न मिळंल," आप्पा म्हणाले. "माणसानं आपलं पाणी बाळगावं."

जड कपडे अंगावर घालायचे म्हणजे वजन वाचतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी ते सांगितलं मात्र, गुंडेरावांनी दोन कोट एकावर एक चढवले आणि वरून घोंगडी घेतली. मे महिना, मुंबईचा उकाडा. घामाच्या धारा लागल्या, पण पठ्ठ्या हलला नाही.

तरीही वजन उरलंच. मुलीची नजर माझ्या बॅगेवर गेली. ती काट्यावर ठेवली तर आठ किलोसुद्धा भरेना. ती हसून म्हणाली, "इनका देखो! ऐसे पॅक करते हैं." आयुष्यात एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

"आता केमिस्टसाहेबाचं काय," गुंडेराव म्हणाले. "त्यांना कोण भाकरी बांधून देणार?"

आणि दोघांनी चटणी, भाकऱ्या, तवा, धोतरं असं सगळं माझ्या बॅगेत कोंबलं. बॅग बंद करायला मला वर बसावं लागलं. उचलली तर खांदा खाली गेला. घरदार असलेल्या माणसाच्या बॅगेसारखी बॅग! मला बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

*

ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात गुंडेरावांनी आल्या आल्या आंघोळीचा टब काठोकाठ भरून ठेवला. मग कचऱ्याची बादली, मग घरून आणलेला तांब्या, मग टेबलावरचे ग्लास. "सकाळी नळाला येईल न येईल," म्हणाले.

सकाळी उठून नळ सोडून पाहिला आणि आम्हाला हाका मारत व्हरांड्यात आले. "अवो, अजून येतंय!"

पुढं चार दिवस टब भरलेलाच होता. त्यांनी आंघोळ तांब्यानं केली.

*

बीटाचा कारखाना झकास होता. पण आप्पांचं लक्ष उडालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आमच्याबरोबरचा डच माणूस एका बांधावर उभा राहून सांगत होता की ही सगळी जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून रात्रंदिवस पंप लावून पाणी बाहेर काढतात.

मी मराठीत सांगितलं. आप्पा म्हणाले, "भाईर म्हंजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. नको असतं त्यांना."

"पाणी नको असतंय?"

"नको असतं."

आप्पा बांधावर खालीच बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. डच माणूस घाबरला, डॉक्टरला बोलावू का म्हणाला. तेव्हा आप्पांनी वर पाहिलं.

"ह्याला म्हणावं, फेकू नका," ते म्हणाले. "आमी येतो घ्यायला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. तो माणूस हसला. आम्ही तिघं काही हसलो नाही.

*

चटणी-भाकऱ्या संपल्या आणि माझ्या बॅगेत पुन्हा जागा झाली. शेवटच्या दिवशी ते दोघं झोपले होते तेव्हा मी एकटाच बाहेर पडलो. ती नको म्हणाली होती, पण नको म्हणजे नकोच असतं का? बारीक पाऊस पडत होता. पोरं-पोरी सायकलवरून एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालली होती. माझ्याशी बोलायला तिथं कुणी नव्हतं, आणि तसं ते इथंही नव्हतं, हे त्या परक्या गावात जास्तच जाणवलं.

एका दुकानात लोकरीच्या शाली होत्या. पातळ, हलक्या, घडी केली तर मुठीत मावतील अशा. दुकानातल्या म्हाताऱ्या बाईनं दहाबारा पसरून ठेवल्या आणि विचारलं, "तुमच्या बायकोला कोणता रंग आवडतो?"

मी उभा राहिलो. टँकरच्या रांगेला निघालेली सुमन डोळ्यांसमोर आणली. घागर दिसली, पाठ दिसली. लुगड्याचा रंग काही केल्या आठवेना.

"उद्या येतो," म्हटलं आणि बाहेर पडलो. उद्या आमचं विमान होतं.

हॉटेलवर आलो तर बॅगेतली जागा भरलेली. गुंडेरावांनी लाकडी बुटांचे चार जोड घेतले होते. "आपल्या खडावाच की ह्या," म्हणाले, "फकस्त वरून छप्पर घातलंय!"

*

मुंबईला उतरल्यावर प्रत्येकानं माझी बॅग उघडून आपापलं काढून घेतलं. बूट गेले, धोतरं गेली, तवाही गेला. आप्पा म्हणाले, "तुमची बॅग लई उपेगी पडली बरं का!" कारखान्याची जीप आली होती. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी रेल्वेनं येतो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग जीपमध्ये जाऊन बसले.

कुर्डूवाडीला उतरलो. बार्शी, भूम करत एसटीनं ईटला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मामा ओट्यावर होते. सुमननं पाणी दिलं आणि वाटेतली बॅग बाजूला ठेवायला म्हणून उचलली. ती चांगली जड असेल या हिशेबानं जोर लावला असणार, कारण बॅग एकदम वर आली आणि ती तोल जाऊन मागं सरकली.

"ह्यात काहीच न्हाय की!"

"तू नको म्हणालीस."

"म्हणून खरंच काही आणलं न्हाय?"

"गेलो होतो दुकानात," मी म्हटलं. "त्या बाईनं विचारलं, तुला कोणता रंग आवडतो. मला सांगता आलं नाही. मग तसाच परत आलो. दोन वर्षं झाली सुमन, मला तुझं काही आठवेनासं झालंय. घर खायला उठतं."

मामा उगाच खोकले आणि गोठ्याकडं बघायला लागले. सुमननं बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"येवढ्या लांब जाऊन खरं बोलायला शिकलासा," म्हणाली, आणि बॅग घेऊन आत गेली.

मी आणि मामा चहा पीत बसलो. तिथलं पाणी गोड असतं का, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. शेवटच्या गाडीची वेळ झाली तसा उठलो. सुमननं बॅग आणून उंबऱ्यावर ठेवली. मी सवयीनं एका हातानं उचलायला गेलो.

उचलेना!

"काय भरलंस गं ह्यात?"

"एक बाजू मी धरते," ती म्हणाली, आणि पायात वहाणा सरकवल्या.

आम्ही अंगण ओलांडलं तोवर मामा मागून ओरडले, "सुमन, स्टँडपातुरच जातीस न्हवं?"

"बघते की," ती मागं न वळता म्हणाली, "गाडी कुठवर जाती ते!"