अप्पांचा नवाब

हातात येईल ती वस्तू आधी दाताखाली धरून बघायची, ही अप्पांची खोड. तूर, हरभरा, मूग यांचा दाणा चावून त्यात ओल किती ते सांगणं हा त्यांचा धंदाच होता. पण खोड धंद्यापुरती राहिली नव्हती. खोली भाड्यानं मागायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा नांदेडहून नेलेला पेढ्यांचा पुडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक पेढा समोरच्या दातांनी तोडला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "खव्यात मैदा हाय." मग माझ्याकडे असं निरखून पाहिलं, की आता माझीच पाळी की काय, असं मला वाटून गेलं.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळ त्यांचं डाळीचं दुकान. दुकानामागे घर, घरात अप्पा आणि काकू, आणि वर ती रिकामी खोली. मी एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आले होते.

"घरी खाता का?" अप्पांनी विचारलं. काय खाता, हे स्पष्ट करायची गरज नव्हती.

"खातो, अप्पा. आम्ही बौद्ध आहोत."

हे पक्कं लिंगायत घर. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, दर सोमवारी उपास. अप्पांनी माझं उत्तरही थोडा वेळ चावून पाहिल्यासारखं केलं. "खरं बोललात. खोली देतो. पण वर अंडंसुद्धा नको." मी मान डोलावली आणि क्लासबाहेरच्या आमलेटच्या गाड्याची कायमची गिऱ्हाईक झाले.

अप्पांचा मुलगा रेल्वेत, स्टेशनाजवळच्या क्वार्टरमध्ये वेगळा राहायचा. त्याची नांदेडला बदली झाली आणि सून, नात असं सगळं बिऱ्हाड निघालं. नात गौरी दुसरीत होती. तिच्याकडे काचेच्या गोल भांड्यात एक मासा होता: निळा, लाल परांचा, शेरवानीचा घोळ सोडावा तशी शेपटी सोडून फिरणारा. प्रवासात पाणी हिंदकळून तो मरेल, या भीतीनं तिनं तो आजोबांच्या टेबलावर, वजनकाट्याशेजारी आणून ठेवला.

"आजोबा, हा बेटा फिश आहे. त्याचं नाव नवाब. मी रोज संध्याकाळी त्याला फोनवर बघणार."

"बेटा?" अप्पा म्हणाले. "माझा बेटा तर तिकडं सामान भरून राहिलाय. हा कुणाचा?"

बिऱ्हाड गेलं, नवाब राहिला. त्याच दुपारी अप्पांची वर हाक आली. "म्याडम, तुम्ही बायलॉजीच्या ना? खाली या जरा." माशाच्या हृदयाला कप्पे किती, हे मला झोपेतही सांगता आलं असतं, कारण ते परीक्षेत येतं. मासा जगवायचा कसा, हे अभ्यासक्रमात नव्हतं. मी फोनवर शोधत शोधत जिना उतरले. खाली अप्पा माशाच्या खाद्याची डबी उघडून बसले होते आणि त्यातला एक दाणा त्यांच्या दाताखाली होता.

"वाळलाय चांगला," ते म्हणाले. "पण वास जरा येगळा हाय. कशाचं पीठ हाय हे?"

मी डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. मोठ्यानं वाचायला नको होतं, पण वाचून गेले. "सुक्या माशाचं, अप्पा. आणि कोळंबीचं."

"शिवा शिवा शिवा!" अप्पा उठले ते थेट मोरीवर. चुळा भरल्याचा आवाज गल्लीत ऐकू गेला. काकूंनी त्यांना तसंच उभं ठेवून डोक्यावरून दोन बादल्या ओतल्या, विभूती लावली आणि मला म्हणाल्या, "साठ वर्षं सांगून राहिले लोक ह्यांना, की समदं तोंडात घालू नका."

डबी गेली कचऱ्यात. माझ्या घरात राहायचं तर माझ्या घरातलं खावं लागेल, असं अप्पांनी नवाबाला तोंडावर सांगितलं आणि भिजवलेल्या मूगडाळीचा चुरा पाण्यात सोडला. मी सांगून पाहिलं, की हा मासा जन्मजात किडे खाणारा आहे. अप्पा म्हणाले, "संगतीनं माणूस सुधारतंय, ही तर मासोळी." काकू आतून म्हणाल्या, "मग उद्या त्याच्या गळ्यात लिंग बांधा."

नवाबानं भुकेपोटी चार कण गिळले, उरलेली डाळ तळाशी बसून आंबली. पाणी गढूळ झालं. काही दिवसांनी सकाळी पाहिलं तर नवाब पोट फुगून एका कुशीवर तरंगत होता. पर अंगाला चिकटलेले, रंग उडालेला. गौरीचा फोन यायला अजून पूर्ण दिवस होता, पण अप्पांचा चेहरा आत्ताच फोन आल्यासारखा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ते जिना चढून माझ्या दारात आले.

"म्याडम, काय पण करा. पोरगी रोज त्याच्यासाठी फोन करतीया. तिकडून दुसरं कुणी करतंय का? मुलाला येळ न्हाई, सुनेला काम हाय. ही मासोळी हाय म्हणून संध्याकाळी माझ्या दुकानात फोन वाजतोय."

मी क्लासला सुट्टी टाकली. बाजारातल्या शोभेच्या माशांच्या दुकानातून चौकोनी काचेची पेटी आणली, तिला झाकण, कारण हा मासा उडी मारतो. बारीक बुडबुडे सोडणारा फिल्टर. पाणी कोमट ठेवणारी नळी. पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब आणले. मग मी म्हणाले, "आता दोन-तीन दिवस ह्याला काहीही द्यायचं नाही. पोट मोकळं होऊ द्यायचं. आणि पुढंही आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवायचं."

अप्पांनी मान वर केली. "उपास? मासोळीला?"

"हो. तब्येतीला चांगलं असतं."

त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. "मग सोमवार धरू!"

नवाब वाचला. फुगलेलं पोट बसलं, पर उघडले, आणि बाहेरच्या स्टीलच्या तांब्यात स्वतःची छबी दिसताच तो गालफडं फुगवून भांडायला धावला. आता उरला खाण्याचा प्रश्न. नवी डबी मी माझ्या खोलीत ठेवायची, असं मी सुचवलं. अप्पांनी पेटीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "न्हाई. खाली ठेवा. त्याला शिवानंच तसलं तोंड दिलंय, तर मी कोण डाळ कोंबणार?" तेव्हापासून ते रोज सकाळी चिमट्यानं दोन दाणे धरायचे, तोंड भिंतीकडे वळवायचे आणि अंदाजानं सोडायचे. बऱ्याचदा दाणे मिरचीच्या पोत्यात पडत.

त्याच आठवड्यात जिन्यात गाठून ते मला म्हणाले, "वर तुम्ही तुमचं काय ते शिजवत जा. त्या गाड्यावर उभं राहून खाऊ नका, धूळ असती. खिडकी तेवढी उघडी ठेवा, काकूला वास सोसंना." ही बाब त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

पुढं अप्पा त्या पेटीत पूर्ण बुडाले. लातुरात नळाची वाट बघत लोक पिंपं भरून ठेवतात. अप्पांनी एक पिंप नवाबाच्या नावानं वेगळं केलं आणि त्यातलं पाणी प्यायला मागणाऱ्या हमालालाही दिलं नाही. दर आठवड्याला थोडं पाणी काढायचं, तेवढंच घालायचं. गिऱ्हाइकं टोमणे मारत. "अप्पा, माणसाला पाणी न्हाई, अन् तुम्ही मासोळीचं बदलून राहिलात!"

"काढलेलं पाणी कढीपत्त्याला जातंय," अप्पा म्हणत. "तुमचं कुठं जातंय ते सांगा."

थंडीत एकदा दिवसभर वीज गेली. पाणी गार पडलं आणि अप्पांनी स्वतःचा मफलर पेटीभोवती गुंडाळला. संध्याकाळी फोन आला. "आजोबा, नवाब कुठंय?" "मफलरात हाय, बाळा." "आणि तुमच्या कानाला काय?" "माझं राहू दे. माझे कान जुने हायत."

हे मासे फार वर्षं जगत नाहीत. मी ते अप्पांना आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं नव्हतं. नवाब म्हातारा झाला. रंग विटला, तांब्याशी भांडण सोडून दिलं, बहुतेक वेळ पेटीतल्या रोपाच्या पानावर टेकून बसू लागला. एका सकाळी तो हललाच नाही.

अप्पांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगितलं, "घरात मयत झालीया." दोघं-तिघं चपला काढून आत आले, काकूंना धडधाकट बघून गोंधळले. परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली अप्पांनी हातानं खड्डा काढला. "आमच्यात जाळत न्हाईत," ते मला म्हणाले, "पुरतात." काकू इतकी वर्षं त्या पेटीला नावं ठेवत आल्या होत्या. त्यांनी पदराआडून बेलाचं पान काढलं, खड्ड्यात ठेवलं आणि कुणाकडे न बघता आत गेल्या.

शेजारचा तेलाचा व्यापारी अप्पांना सल्ला द्यायला आला. "एवढं काय? तसलीच निळी मासोळी आणा. पोरीला फोनवर काय कळतंय?"

"जुन्या मालात नवा मिसळायचा?" अप्पा म्हणाले. "उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी केलं न्हाई ते. नातीशी करू?" तो गेल्यावर मात्र ते हळूच मला म्हणाले, "पण म्याडम, उद्यापासून ती फोन कशाला करंल?"

संध्याकाळी फोन वाजला. अप्पांनी सांगून टाकलं. आडवळण घेतलं नाही. "बाळा, नवाब गेला. म्हातारा झाला होता. तरास न्हाई झाला त्याला." पलीकडून रडण्याचा आवाज आला, मग सुनेचा, मग फोन बंद झाला. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. वार सोमवारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी क्लासहून मुद्दाम लवकर आले. अप्पा टेबलाशी बसले होते. पेटी रिकामी, पाण्यात बुडबुडे तसेच सुटत होते. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. फोन उलटा ठेवलेला. नेहमीची वेळ झाली आणि तो वाजला.

"आजोबा, दाखवा ना."

"काय दाखवू, बाळा? पेटी रिकामी हाय."

"पेटी नाही हो! तुम्हाला दाखवा. तुम्ही रोज फोन तिकडंच धरता, मला तुम्ही दिसतच नाही."

अप्पा गोंधळले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि फोन नाकाशी धरला.

"आजोबा," गौरी नांदेडहून खो खो हसत ओरडली, "नुसतं कपाळ दिसून राहिलंय!"