बोलकी बाई पाहिजे

"मार खाल्लेली एखादी बाई बघा तुमच्याकडची. पण जरा बोलकी. रडली तर चालेल, फार नको."

महिला-बालविकास कार्यालयातले साहेब हे बोलले तेव्हा चहात बिस्कीट बुडवत होते. महिला दिन चार दिवसांवर आला होता. बिस्कीट तुटून चहात पडलं. ते चमच्यानं काढताना साहेबांचा जीव जेवढा गुंतला, तेवढा आमच्या केंद्रात कधी गुंतला नव्हता.

केंद्र म्हणजे तालुक्याच्या गावातली एक खोली. नवऱ्यानं, सासरच्यांनी मारलेल्या बाया तिथं यायच्या. वकीलताई आणि मी त्यांचं ऐकून घ्यायचो, तक्रार लिहायचो, पोलिसांकडं, दवाखान्यात सोबत जायचो. दोन महिन्यांपूर्वी पत्र आलं. निधी उपलब्ध नसल्यानं केंद्र बंद. खाली सही, तीही वाचता येऊ नये अशी. वकीलताई पुण्याला गेली. दाराला कुलूप लागलं.

त्या खोलीत मी नोकरीला नंतर आले. आधी आले ती मार खाऊन. माहेर माझं डोंगरातलं, भाताच्या खाचरांचं. सासर लोणी गावचं, जमीनजुमल्याचं. सासू मला वेगळ्या ताटलीत वाढायची. "डोंगरातलं ध्यान," म्हणायची. नवरा पट्ट्यानं मारायचा. भावकीतली शहाणी माणसं पान चघळत सांगायची, "घरातलं घरात ऱ्हाऊ द्या." मी पळून आले तेव्हा या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, "जेवलात का?"

मी साहेबांना म्हटलं, "केंद्र तर तुम्ही बंद केलंय."

"मी नाही हो. वरून झालं."

"मग बायांनी जायचं कुठं?"

"हेल्पलाइन आहे ना." मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून हसले. "आणि बाई शोधता कशाला? तुम्हीच आहात की. तुमचीच कहाणी सांगा. साडी जरा बरी नेसा."

मी मान हलवली. मीच हो म्हणाले. वाटलं, साहेब खूश झाले तर खोली उघडतील. त्या मान हलवण्याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातून ओळखीच्या सिस्टरचा फोन आला. बोरी बुद्रुकची एक बाई माझं नाव घेत होती. मी गेले. उजवा हात प्लास्टरमध्ये. शेजारी तिची पाच वर्षांची पोरगी, आईचा पदर धरून.

"ताई, आमी आल्तो तुमच्याकडं," ती म्हणाली. "कुलूप व्हतं. दुपारपत्तुर पायरीवर बसलो. मग दुसरं कुठं जायाचं? घरी गेलो. कुठं गेल्ती म्हणून त्यानं हात पिरगाळला."

ती मला दोष देत नव्हती. नुसतं झालं ते सांगत होती. हात मोडला नवऱ्यानं. पण तिला त्याच्याकडं परत पाठवलं कुणी? कुलपानं. आणि कुलूप काही आपोआप लागत नाही.

महिला दिनाला हॉल भरला होता. पाहुण्यांना फेटे. भिंतभर फलक, त्यावर हात जोडलेले सहा पुरुष आणि कोपऱ्यात एक बाई, तीही चित्रातली. शाल, श्रीफळ, टाळ्या. सूत्रसंचालकानं मला "अत्याचारातून उभी राहिलेली रणरागिणी" म्हणून बोलावलं.

मी माइक धरला. "माझी कहाणी सांगणार नाही," म्हटलं. "चार दिवसांपूर्वी एक बाई आपल्या केंद्राच्या पायरीवरून परत गेली. संध्याकाळी तिचा हात मोडला. तिचं नाव मी घेणार नाही, ती काही तुमची करमणूक नाही. नाव मला दुसऱ्याचं पाहिजे. केंद्र बंद करायचं कुणी ठरवलं? त्या हाताला जबाबदार कोण?"

माइक बंद झाला. साहेब दात दाखवत शिपायाला खुणावत होते. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "बोल गं पोरी! बिगरमाइकचं ऐकू येतंय आमास्नी!"

मी बोलले. पुन्हा तेच, मोठ्यानं. शाल घेतली नाही.

खाली उतरल्यावर साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, चार चांगल्या माणसांत शोभतं का हे?"

"चांगली माणसं कुठायत?" मी विचारलं.

जबाबदार कोण, हे मी लेखी विचारलं. उत्तर आलं: अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे. संबंधित विभागानं तो पुन्हा साहेबांकडंच वर्ग केला. एवढी मोठी यंत्रणा, आणि एका माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही.

बोरीची ती बाई आता बहिणीकडं असते. डाव्या हाताचा अंगठा देऊन तिनं तक्रार केली. तिच्यानंतर आणखी बाया येतायत, माझ्या भाड्याच्या खोलीवर. मी लिहून देते. मारणाऱ्याचं नाव वर लिहिते. त्याच्या खाली दार बंद करणाऱ्याचं; दुसरं कुणी नाव देत नाही तोवर साहेबांचंच, हुद्द्यासकट. पोच घेतल्याशिवाय टेबलापुढून हलत नाही. माझ्या तोंडाला कुलूप लावायला त्यांनी कुणाला तरी पाठवावंच. त्याचंही नाव लिहीन.