मास्तरांचा उजवा पाय

मास्तर आणि वहिनी पहिल्यांदा भेटले तेव्हा गाडी भिंतीत होती, भिंत बेकरीत होती आणि बेकरीवाला कपाटावर होता. निदान मास्तर तरी असंच सांगतात. त्यांच्या सांगण्यात ती भिंत दर वर्षी वीतभर जाड होते आणि बेकरीवाला एक फळी वर चढतो. खरं काय ते वहिनींना ठाऊक आहे. वहिनींचा गाडी शिकण्याचा पहिला धडा होता, चाक फुटपाथवर चढलं आणि दारातलं मैद्याचं पोतं फुटलं, इतकंच. पण मैद्यात न्हालेल्या त्या मुलीला शेजारच्या सीटवरचा तरुण मास्तर म्हणाला, "घाबरू नका, ब्रेक मी दाबलाय." माणूस भरवशाचा आहे, असं वहिनींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. संसार थाटल्यावर कळलं, की त्याने तो ब्रेक अजून सोडलेलाच नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. मास्तरांची हयात त्या ब्रेकवर गेली. त्यामुळे त्यांचा उजवा पाय हळूहळू मालकाला न विचारता कारभार बघू लागला. बसमध्ये बसले की ते बसचा ब्रेक दाबत, लिफ्टमध्ये लिफ्टचा. सिनेमात घोडे कड्याकडे धावू लागले की पुढच्या खुर्चीतला माणूस मागे वळून म्हणे, "अहो, लाथा काय मारताय?" लेकीच्या सासरी विहीणबाई ताटात जरा सढळ हाताने वाढू लागल्या, की टेबलाखाली धप्पकन आवाज येई आणि व्याही पाय जवळ घेत.

अख्ख्या गावाला मास्तरांनी गाडी शिकवली. डॉक्टर, पोस्टमन, दोन्ही वकील, सगळे त्यांच्याच हाताखालून गेले. राहिल्या त्या एकट्या वहिनी. त्यांचा प्रत्येक धडा गल्लीच्या तोंडाशी संपत असे. वहिनी गिअर टाकत, मास्तर ब्रेक दाबत, गाडी आचके देऊन बंद पडे आणि घरात दोन दिवस अबोला. खरं तर पुढच्या खोलीतल्या दुकानात ही बाई कपडे दुरुस्त करायला बसली, की पायमशीन असं भरधाव सोडी की जीन्सची शिवण डोळ्यांदेखत पार होई. मशीनला जादा ब्रेक नव्हता, म्हणून.

वहिनींना गाडी हवी होती ती मिरवायला नाही. थोरली बहीण घाटापलीकडे राहत होती आणि तिकडून परतीची शेवटची बस चार वाजता सुटे. बहिणीबहिणींचं बोलणं रंगात यावं, कुणाच्या तरी सुनेवर गाडी घसरावी, आणि नेमकं तेव्हाच धाकटीने पर्स उचलावी. किती सुनांच्या गोष्टी अशा अर्ध्यावर लोंबकळत राहिल्या असतील! आपण स्वतः गाडी घेऊन जावं आणि सगळं बोलून झाल्यावरच उठावं, एवढीच त्यांची इच्छा.

आणि हे सगळं निकालात निघालं ते गोल्फच्या मैदानावर.

गोल्फ म्हटलं की लोकांना पांढरे बूट आणि वाढलेली पोटं आठवतात. गावामागच्या डोंगरावर नगरपालिकेचं मैदान आहे, तिथे यातलं फक्त पोट दिसतं. तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त. काठ्या भाड्याने मिळतात, मुठींना चिकटपट्टी गुंडाळलेल्या. नर्स, प्लंबर, निवृत्त हेडमास्तर, सगळे इथलेच. मैदान हे आपलं म्हणायला, कारण सपाट जागा तिकीटखिडकीच्या फळीएवढीच. बाकी सगळा चढ, नाहीतर उतार. चेंडू माणसाने मारायचा आणि तो कुठे न्यायचा ते डोंगराने ठरवायचं. पण वर उभं राहिलं की खाली गावाची कौलं, पलीकडे तळं आणि घाटातून वळणं घेत जाणारा पांढरा रस्ता असा काही दिसतो, की हरलेला माणूसही तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणतो. डॉक्टरांनी मास्तरांना चालायला सांगितलं होतं. नुसतं चालणं म्हणजे वेळेचा अपव्यय, म्हणून दर रविवारी हे जोडपं काठ्या घेऊन चालत असे.

त्या रविवारी वहिनींनी दुसऱ्या होलवर काठी उचलली आणि शिकवणी सुरू झाली.

"कोपर! कोपर बघ! नजर पुढे, हात सैल... अगं हळू! ब्रेक! ब्रेक!"

"अहो, चेंडूला ब्रेक असतो का?"

"नसतो म्हणून तर ओरडतोय!"

वहिनींनी काठी गवतात रोवली. "आता माझं ऐका. इथून शेवटच्या होलपर्यंत मला एकही सूचना न देता खेळून दाखवा. जमलं तर जन्मात गाडीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर घरच्या गाडीची चावी माझी, आणि मी शिकणार बाजारातल्या दुसऱ्या शाळेत."

"त्या चष्मेवाल्याकडे? त्याला मी शिकवलंय!"

"म्हणजे तुम्हाला शिकवता येतं. बायको सोडून."

पंच म्हणून वहिनींचा धाकटा भाऊ बरोबर होताच. तो धंद्याने न्हावी, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकून मान डोलावण्यात तरबेज. "दाजी, मंजूर?" त्याने विचारलं. मास्तरांनी तोंड मिटून मान हलवली. मास्तरांचं तोंड मिटलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात त्यांची डावी मिशी उजवीपेक्षा लांब आहे, हेही पाहून घेतलं.

तिसऱ्या होलवर मास्तरांनी रुमालाचं टोक दातांत धरलं. चौथ्यावर वहिनींचा चेंडू उताराला लागला आणि मास्तरांचा उजवा पाय धाडकन जमिनीवर आला. गवतात टाचेएवढा खळगा पडला.

"ही सूचना धरायची," वहिनी म्हणाल्या.

"पाय अजून बोलत नाही, ताई," पंच म्हणाला. मास्तरांनी कृतज्ञतेने त्याच्या पाठीवर थाप मारली.

तिथून घाटाचा रस्ता स्वच्छ दिसत होता. एक छोटीशी गाडी, बहुधा कुणाची तरी स्वतःची, आरामात वळणं घेत वर चालली होती. वहिनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. पाचव्या होलवरही मास्तर गप्प राहिले आणि वहिनींना पहिल्यांदाच शंका आली. हा माणूस जिंकतो की काय!

सहावा होल आंधळा. मध्ये टेकाड, होलची खूण सांगणारा झेंडा पलीकडे. मारणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून तिकडे एक घंटा टांगली आहे. पुढची मंडळी झेंड्यापासून दूर झाली, की घंटा वाजवतात. तिचा अर्थ एकच, वाट मोकळी आहे, खुशाल मारा. मास्तर आपला चेंडू मारून टेकाड ओलांडून पुढे गेले. मागे वहिनी आणि पंच, त्यांच्यामागे नर्स, प्लंबर आणि हेडमास्तरांची मंडळी ताटकळत उभी.

वहिनींनी मारला तो फटका त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा होता. चेंडू टेकाडावरून उडाला, पलीकडे टेकला आणि झेंड्याला न जुमानता सरळ दरीकडे घरंगळत निघाला. मास्तरांनी पाहिलं. पाय दाबला, चेंडू थांबेना. पुन्हा दाबला. तोंड उघडायची सोय नव्हती. आणि जन्मभर धोका दिसताच हॉर्न दाबणाऱ्या माणसाने घंटेची दोरी धरली आणि आग लागल्यासारखी बडवली.

टेकाडाअलीकडे सगळ्यांना हायसं वाटलं. "झाली एकदाची मोकळी!" हेडमास्तर म्हणाले आणि चौघापाचजणांनी एकदमच चेंडू हाणले.

पलीकडून "अगं आई गं!" असा आवाज आला.

वहिनी धावत टेकाडावर चढल्या. मास्तर घंटेच्या खांबाला मिठी मारून एका पायावर उभे होते. अवतीभवती चेंडूच चेंडू. त्यातला एक नेमका उजव्या पायाच्या अंगठ्यावर बसला होता. वहिनींचा चेंडू दरीच्या काठावर गवताच्या झुबक्याला टेकून शांत पडला होता.

"लागलं का हो फार?"

"मी एक शब्दही बोललो नाही!" मास्तर कण्हत म्हणाले.

"मग घंटा काय अंगाई म्हणत होती?"

दोघांनी पंचाकडे पाहिलं. पंचाने दाजींचा पाय पाहिला, ताईचा चेहरा पाहिला आणि मान खाली घातली. "दाजी, पायाचं मी सोडून दिलं होतं. घंटेचं कसं सोडू? अख्ख्या डोंगराने ऐकलीय."

मास्तरांनी त्या काठावरच्या चेंडूकडे पाहिलं. "थांबला की गं आपला आपण," ते हळूच म्हणाले आणि खिशातून चावी काढली.

अंगठ्याचं हाड मोडलं होतं. मास्तर पाय प्लास्टरमध्ये घालून गॅलरीत बसले आणि चष्मेवाल्याच्या गाडीतून जाणाऱ्या बायकोला वरून बघत राहिले. प्लास्टरच्या पायाने ब्रेक दाबता येत नाही. वहिनी परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्या. त्याच आठवड्यात मास्तरांना शेजारी बसवून घाट चढल्या, बहिणीकडे दिवे लागेपर्यंत बसल्या, तीन सुनांच्या गोष्टी तडीस नेल्या आणि सुखरूप परत आल्या.

त्या दिवशी वहिनींना कळलं, की गाडी चालवायला त्यांना मुळीच आवडत नाही. बहिणीकडे त्या आता बसनेच जातात. चारच्या बसने परत येतात.